‘डार्क साइड ऑफ द मून’चे लेखक किती?

शोधनिबंधातली सगळ्यात कटकटीची ओळ म्हणजे शीर्षकाखालची, लेखकांच्या नावांची. कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केला, प्रोग्रॅम कुणी लिहिला, मसुदा कुणाचा हे सगळं त्या एका ओळीत कोंबायचं असतं. म्हणून आता बरीच जर्नल्स ‘क्रेडिट’ नावाची पद्धत वापरतात. त्यात १४ भूमिका ठरलेल्या असतात आणि कुणी काय केलं ते नावापुढे लिहायचं असतं. हीच फूटपट्टी आज एका रॉक अल्बमला लावून बघूया. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, मार्च १९७३.

हा अल्बम आधी स्टेजवर वाजला आणि मग रेकॉर्ड झाला. २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनमध्ये पहिला प्रयोग झाला, आणि ‘मनी’च्या वेळी यंत्रणेनेच दगा दिल्यामुळे तो अर्धवट थांबला. त्यानंतर वर्षभर कार्यक्रम आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओतलं रेकॉर्डिंग जोडीने चाललं. मैफिलींची चोरटी रेकॉर्डिंग्जही अल्बमच्या आधीच फिरू लागली होती. आमच्या भाषेत प्रीप्रिंटच म्हणा ना! ही सगळी दुरुस्ती कानाला कळते. ‘ऑन द रन’च्या जागी स्टेजवर गिटार आणि कीबोर्डचं मोकळं वादन असायचं. स्टुडिओत सिंथी एकेएस नावाचा पेटीत मावणारा सिंथेसायझर आला, त्यात आठ स्वर भरले, वेग प्रचंड वाढवला आणि जुना भाग सरळ फेकून दिला. वर्षभर वाजवलेलं असं फेकून द्यायला धाडस लागतं. माझ्या मते अल्बमचा हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे.

‘मनी’च्या सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज तर सगळ्यांनाच माहीत असतो. तो टेपचे तुकडे कापून, चिकटवून, गोल फिरवून केलेला आहे. टेपचा वेग ठरलेला असला की वेळ म्हणजे लांबी. त्यामुळे सात मात्रांसाठी सात तुकडे पट्टीने मोजून कापले. संगणक नसताना ताल असा सेंटीमीटरमध्ये मोजणं मला भारी वाटतं. ‘टाइम’मधली घड्याळं इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सची. ती त्याने आधीच, दुसऱ्याच कामासाठी, जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपून ठेवली होती. पार्सन्स स्टुडिओचा पगारी माणूस. त्याचं नाव इंजिनिअर म्हणून आलं, आणि ते ठीकच आहे.

ठीक नाही ते पुढे. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही रिचर्ड राइटची रचना, मृत्यूविषयीची. आधीच्या रूपात तिच्यावर धर्मग्रंथातलं वाचन होतं. नंतर तिथे बाईचा आवाज हवा असं ठरलं. जानेवारी १९७३ मध्ये, म्हणजे अगदी शेवटी शेवटी, एका रविवारी पंचवीस वर्षांच्या क्लेअर टॉरीला बोलावलं. शब्द नव्हते, चाल नव्हती. तिने आधी काही शब्द टाकून पाहिले, ते नको म्हणाले. मग आपला गळा म्हणजे एक वाद्यच आहे असं धरून ती गायली. दोन-तीन टेक झाले, तीस पौंड मिळाले, आणि हे काही कुणी वापरणार नाही अशा समजुतीत ती घरी गेली. वापरलंय हे तिला कळलं ते दुकानात अल्बम बघून.

गायिका म्हणून नाव होतं. रचनाकार म्हणून मात्र फक्त राइट. आपल्याकडे हा प्रश्न लगेच कळावा, कारण बंदिश कुणाची आणि आलाप कुणाचा हा फरक आपण रोज करतो. ‘बंदिश राइटची, टॉरी फक्त गायली’ असा बचाव करता येईल. पण राइटचा पियानो एकटा ऐकलात तर हाताला लागते ती सुंदर स्वरांची चौकट. वर चढत जाणारी ती किंकाळी, मग थकून, जवळजवळ पुटपुटत खाली येणं, हा गाण्याचा सगळा प्रवास टॉरीच्या आवाजात आहे. ते टेक जोडून एक करण्याचं काम इतरांनी केलं हे खरं. पण विदा निवडून आलेख काढणाऱ्यामुळे विदा गोळा करणारा यादीतून गळत नाही.

टॉरीने २००४ मध्ये पिंक फ्लॉइड आणि ईएमआयवर दावा लावला. २००५ मध्ये कोर्टाबाहेर तिच्या बाजूने तडजोड झाली, अटी गुप्त राहिल्या. त्यानंतरच्या आवृत्त्यांवर राइटसोबत तिचं नाव येतं. मधे बत्तीस वर्षं गेली, आणि त्या काळात हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे टिकून होता (१९७३ ते १९८८). रचनेच्या श्रेयामागे पैसेही येतात, हे वेगळं सांगायला नको.

आता अल्बमचा पहिला ट्रॅक बघा. ‘स्पीक टू मी’ जेमतेम मिनिटभराचा आहे: हृदयाचे ठोके, घड्याळं, गल्ला, हसणं, म्हणजे पुढच्या गाण्यांतले तुकडे एकत्र केलेले. रचना म्हणून एकट्या ड्रमर निक मेसनचं नाव आहे. रॉजर वॉटर्सचं नंतरचं म्हणणं असं की हे श्रेय त्याने मेसनला भेट म्हणून दिलं. मेसनला ते मान्य नाही. काम न करता नाव मिळण्याला संशोधनात ‘भेट लेखकत्व’च म्हणतात आणि ते गैर मानतात. इथे खरं कोण, यात मी पडत नाही. पण त्या मिनिटाच्या शेवटी, ‘ब्रीद’ सुरू व्हायच्या क्षणभर आधी, एक किंकाळी वाढत जाते. हेडफोन लावून ऐका. ती टॉरीची आहे.