राजवाडे आणि माउलींची पोथी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे नाव आपल्या मंडळींत काढले, की कुणीतरी म्हणतेच, "ते होय? संतांना नावे ठेवणारे!" ठेवली, हे खरे. संतांच्या शिकवणीने समाज निष्क्रिय झाला, असा त्यांचा आक्षेप होता. पण तेवढ्यावर त्यांना निकालात काढावे का?

त्यांना पगार नव्हता. मागे संस्थाही नव्हती. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते १९१० मध्ये, त्यांच्याच खटपटीने. तरुणपणी पत्नी गेली, पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव हिंडून लोकांना जुनी दप्तरे सोडायला लावायची, हाच उद्योग. जुना कागद म्हणजे वतनाचा पुरावा. तो परक्याच्या हाती कोण देईल? तरीही १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड निघाले.

याच शोधात बीडकडे त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. १९०९ साली ती त्यांनी छापली, तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. आपली पोथी नाथांच्याही आधीची, असे राजवाड्यांचे म्हणणे. पुढे अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या. मलाही वाटते, ते इथे घाईने बोलले. बखरींवर भरवसा नको, अस्सल कागद दाखवा म्हणणारा हा माणूस स्वतःच्या पोथीपुढे मात्र विरघळला. (नाथांनीही प्रती ताडूनच पाठ शुद्ध केला होता, हे आपण विसरतो.)

संतांविषयीचा निवाडाही मला असाच उतावळा वाटतो. दप्तरात सनदा, हिशेब, लढायांची पत्रे सापडतात. पहाटे जात्यावर माउलींचे नाव घेणाऱ्या बाईला त्या नावाने काय बळ दिले, याची नोंद कोणत्या कारकुनाने केली असेल? कागदात नाही म्हणून ते घडलेच नाही, असे कसे म्हणावे?

मात्र कागद राखण्याच्या बाबतीत राजवाडे आपल्याला बोल लावतील, तर खाली मान घालावी लागेल. मागे पदरमोड करून एक तरुण अभ्यासक आमच्या गावच्या देवळात आला. लाल फडक्यातल्या बाडाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहत होतो. "सोवळ्यातले आहे," म्हणून त्याला दोन दिवस ओसरीवर बसवले आणि तसेच परत पाठवले. दोन वर्षांनी देवळाचे काम निघाले, तेव्हा ते बाड आम्हीच सोडले. मधली पाने कसरीने खाल्ली होती. उरलेल्यांवरची अक्षरे आमच्यापैकी कुणालाच लागेनात.