नव्या इमारतींसाठीच्या सौर तरतुदी : चऱ्होलीच्या संदर्भात एक चिकित्सा

इंद्रायणीकाठचे चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथील नव्या बांधकामांना आज राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (डिसेंबर २०२०) लागू आहे. सदर नियमावलीच्या तेराव्या प्रकरणातील सौर तरतुदींचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

४,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील सर्व प्रकारच्या इमारतींत सौर बंब किंवा छतावरील सौर वीजसंच बसविणे बंधनकारक आहे. छताने प्रति चौरस मीटर किमान ५० किलोग्रॅम भार पेलावा, छताचा किमान २५ टक्के भाग या यंत्रणेसाठी वापरावा, दक्षिण, पूर्व व पश्चिम बाजूंचे कठडे शक्यतो रेलिंगचे असावेत, अशा अटी आहेत. कठड्याच्या सावलीपर्यंत विचार करणारा नियमकर्ता दक्षच म्हटला पाहिजे.

परंतु बारकाईने वाचता मूळ आराखडा पाणी तापविण्याचाच असून वीजसंच त्यास केवळ तिरक्या रेघेने जोडल्यासारखा वाटतो. छतापासून गरम पाणी लागणाऱ्या प्रत्येक ठिकाणापर्यंत उष्णतारोधक नळी सांगितली आहे. रुग्णालयांसाठी क्षमता खाटेमागे लिटरांत दिली आहे. वीज लिटरांत मोजली जात नाही! बार्सिलोनाच्या २००० साली अमलात आलेल्या नियमाचाही आधार गरम पाणीच होता, हे खरे. पण आपली नियमावली त्यानंतर वीस वर्षांनी आली. तारांसाठी राखीव मार्ग आणि मीटरखोलीतील जागा यांनाही नळीइतकेच स्पष्ट स्थान हवे होते.

याहून गंभीर प्रश्न भूखंडाच्या मर्यादेचा आहे. एक किलोवॅट संचास साधारण १० चौरस मीटर सावलीरहित जागा लागते. चऱ्होलीतील प्रधानमंत्री आवास योजनेच्या १,४४२ सदनिकांना प्रत्येकी एक किलोवॅट द्यावयाचे म्हटल्यास १४,४२० चौरस मीटर जागा लागेल. २५ टक्के या प्रमाणात त्यासाठी ५७,६८० चौरस मीटर छत हवे. उंच इमारतीत ते मिळणे शक्य दिसत नाही. उलट एक-दोन गुंठ्यांवरील बैठ्या घरात कुटुंबामागे छत सर्वाधिक असते. ४,००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ४० गुंठे; त्यामुळे ही घरे या सक्तीतून पूर्णतः सुटतात. त्यांच्यावर संच लादण्याची गरज नाही. स्लॅब ओततानाच तारेची नळी टाकणे आणि पाण्याची टाकी उत्तरेस ठेवणे, एवढीच अट नकाशा-मंजुरीत घालता येईल.