आरएफसी ४१७३ : दूरस्थ डिस्कवरून सर्व्हर सुरू करण्याच्या प्रमाणलेखाचे परीक्षण

इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या लेखमालेत सप्टेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'आरएफसी ४१७३' हा प्रमाणलेख आकाराने लहान आहे. आयस्कझी म्हणजे डिस्कला द्यावयाच्या आज्ञा टीसीपीच्या द्वारे नेटवर्कवरून पाठविण्याची पद्धती. स्वतःची डिस्क नसलेला सर्व्हर या पद्धतीने दूरच्या साठवणीवरून कसा सुरू करावा, हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे. यातील सोय उघड आहे. यंत्र बिघडले तर त्या जागी दुसरे ठेवावे आणि तीच डिस्क त्याला दाखवावी. प्रश्न आहे तो लेखाने काय सांगावयाचे टाळले, हा.

नामनिर्देशाचा भाग मात्र उत्तम साधला आहे. डीएचसीपीकडून मिळणाऱ्या एका ओळीत साठवण-यंत्राचे नाव, प्रोटोकॉल, पोर्ट, डिस्कचा क्रमांक व लक्ष्याचे नाव ही पाच अंगे ठराविक क्रमाने येतात. मधली तीन गाळल्यास टीसीपी, ३२६० व शून्य ही अनुक्रमे गृहीत धरावयाची. अध्याहाराचे नियम इतक्या स्वच्छपणे व्याकरणग्रंथांतही क्वचित आढळतात.

परंतु ही ओळ मिळावयास डीएचसीपी हवा आणि तीत डोमेन-नाव असल्यास ते उलगडावयास डीएनएस हवा. या सेवा पुरविणारेही सर्व्हरच. त्यांतील एखादा त्याच साठवणीवरून सुरू होणारा असेल तर काय? वीज जाऊन परत आली की सारी यंत्रे एकदम उठतात. साठवण-यंत्राला मात्र आपली तपासणी संपवून उभे राहावयास बहुधा अधिक वेळ लागतो. अशा वेळी हा त्याची वाट पाहतो आणि तो याची. संस्कृत वैयाकरणांनी या दोषास इतरेतराश्रय म्हटले आहे. पाणिनीच्या पहिल्याच सूत्राच्या चर्चेत पतंजलीने त्यासाठी नावेला बांधलेल्या नावेचा दृष्टांत दिला आहे. त्या एकमेकींना तारू शकत नाहीत. तेथे सुटका होते ती शब्द नित्य मानल्यामुळे, म्हणजे व्याकरणाच्या आधीच काहीतरी उभे असल्यामुळे. यंत्रशाळेतही निदान डीएचसीपी व डीएनएस यांचे सर्व्हर स्वतःच्या डिस्कवर उभे असावयास हवेत. लेखाने असा निर्बंध घातलेला नाही.

प्रत्यक्ष आरंभाच्या पायरीवर तर लेख जवळजवळ मौनच स्वीकारतो. उत्पादकांच्या गरजा भिन्न असल्याचे कारण देऊन आज्ञांचा क्रम ज्याच्या त्याच्यावर सोपविला आहे. फर्मवेअरने उघडलेले सत्र नंतर जागी झालेली प्रणाली ताब्यात घेऊ शकते, एवढेच म्हटले आहे. येथील इंग्रजी 'मे' हे क्रियापद विचारात घेण्याजोगे आहे. मराठीत 'घेऊ शकेल' आणि 'घेतले तरी चालेल' हे अर्थ वेगळे राहतात; 'मे' या शब्दात ते मिसळतात. आरएफसी २११९ ने १९९७ मध्येच या शब्दाचा अर्थ 'ऐच्छिक' असा बांधून दिला होता, पण ऐच्छिक गोष्टीवर सर्व्हरची मूळ डिस्क टिकत नाही. पुढे फर्मवेअरने ही माहिती स्मृतीत एका तक्त्यात ठेवावी आणि प्रणालीने ती वाचून सत्र पुन्हा उघडावे, अशी रीत रूढ झाली. एवढे करूनही, आरंभकाळी नेटवर्क-कार्ड नव्याने मांडणारी एखादी आज्ञावली सत्र तोडते, आणि ज्या डिस्कवरून ती वाचली जात असते तीच दिसेनाशी होते.

यंत्र चालू झाल्यावरच्या अडचणींचा लेखाने विचारच केलेला नाही. स्मृती अपुरी पडली की तिच्यातील मजकूर डिस्कवर लिहून जागा मोकळी करावयाची. डिस्क नेटवर्कपलीकडे असेल तर लिहावयास पॅकेट हवे, आणि पॅकेट घडवावयास पुन्हा स्मृतीच हवी. लिनक्समध्ये एनएफएसवरील स्वॅपसाठी राखीव स्मृतीची व्यवस्था २०१२ मध्ये, ३.६ या आवृत्तीत आली. नेटवर्कच तुटले तर बिघाडाची नोंदही त्या डिस्कवर होऊ शकत नाही. दुरुस्तीस येणाऱ्याच्या हाती पडद्यावरील शेवटच्या चार ओळी राहतात, त्याही पडदा जोडलेला असल्यास.