हिकारू नाकामुरा यांचें जलद बुद्धिबळ : गुण आणि दोष

कोणत्याहि कलेचें परीक्षण त्या त्या कलेच्या नियमांनींच व्हावें, हें तत्त्व साहित्यांत आपण केव्हांच मान्य केलें आहे. सुनीताला महाकाव्याचा मापदंड लावून तें आंखूड पडतें अशी तक्रार कोणी करीत नाहीं. बुद्धिबळाच्या बाबतींत मात्र हें तत्त्व अद्याप रुजलेलें दिसत नाहीं. पांच-सहा तास चालणारा डाव तेवढा खरा, आणि तीन मिनिटांत किंवा एकाच मिनिटांत आटोपणारा डाव म्हणजे निव्वळ पोरखेळ, असें मानणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. उलटपक्षीं, घरोघरीं मुलें हातांतल्या यंत्रावर असे डाव एकामागून एक खेळत असतात आणि दीर्घ डावाचें नांव काढतांच त्यांस जांभई येते. या दोन्ही पक्षांना न्याय द्यावयाचा, तर जलद खेळांतील एखाद्या श्रेष्ठ खेळाडूचे गुणदोष निःपक्षपातानें तपासणें हाच मार्ग होय. त्यासाठीं आम्हीं हिकारू नाकामुरा यांची निवड केली आहे.

नाकामुरा यांचा जन्म 1987 सालीं जपानांत झाला. दोन वर्षांचे असतांनाच ते अमेरिकेंत आले. त्यांचे सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे आणि बुद्धिबळाचे नामांकित शिक्षक. 2003 सालीं, पंधरा वर्षें पुरीं होऊन थोडेच दिवस लोटले असतां, नाकामुरा ग्रँडमास्टर झाले आणि बॉबी फिशर यांचा अमेरिकेंतील वयाचा विक्रम मागें पडला. अमेरिकेचें अजिंक्यपद त्यांनीं पांचदां मिळविलें. 2011 सालीं हॉलंडांतील विक आन झी येथील स्पर्धेंत कार्लसन, आनंद, क्राम्निक व आरोनियन हे सर्व असतांना पहिला क्रमांक त्यांनीं पटकावला. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, दीर्घ खेळांत निभाव लागेना म्हणून ते जलद खेळाकडे वळले, असा समज कोणाचा होऊं नये. तथापि त्यांची कीर्ति दूरवर पसरली ती संगणकावर खेळल्या जाणाऱ्या झटपट डावांमुळें. 'स्पीड चेस चॅम्पियनशिप' ही त्या प्रकारांतील मानाची स्पर्धा 2018 ते 2022 अशीं पांच वर्षें लागोपाठ त्यांनींच जिंकली.

ज्या वाचकांस या खेळाचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. वरील स्पर्धेंत दोन खेळाडू सुमारें तीन तास एकमेकांशीं झुंजत राहत : पहिला दीड तास पांच-पांच मिनिटांचे डाव, पुढला एक तास तीन-तीन मिनिटांचे, आणि शेवटचा अर्धा तास एकेका मिनिटाचे. प्रत्येक चालीमागें एक सेकंद वाढवून मिळे. एका मिनिटाच्या डावास 'बुलेट', म्हणजे बंदुकीची गोळी, असें सार्थ नांव आहे. वेळ संपली कीं पटावर आपलें बळ कितीहि असो, प्रतिस्पर्ध्याजवळ मात करण्यापुरतें बळ उरलेलें असल्यास डाव गेला. शिवाय येथें मोहरें हातानें उचलून ठेवावयाचें नसतें. प्रतिस्पर्धी विचारांत असतांनाच आपली पुढली चाल आगाऊ नोंदवितां येते. तो खेळतांच ती आपोआप पटावर उमटते आणि आपल्या घड्याळांतून जवळजवळ कांहींच वजा होत नाहीं. मात्र त्यानें अनपेक्षित चाल केली, तर हीच आगाऊ चाल आपला वजीर फुकट देऊन बसते.

अशा खेळांत उत्तम चाल कोणती? दीर्घ डावांत उत्तम चाल म्हणजे पटावरील सत्याला सर्वांत जवळची चाल. जलद डावांत पटाच्या जोडीला घड्याळहि विचारांत घ्यावें लागतें. दोन सेकंदांत सांपडलेली चांगली चाल वीस सेकंदांत सांपडलेल्या सर्वोत्तम चालीहून पुष्कळदां श्रेष्ठ ठरते, कारण उरलेले अठरा सेकंद हेंहि एक मोहरेंच असतें. हा हिशेब ज्याच्या अंगीं मुरला तोच येथें टिकतो. आणि तो नाकामुरा यांच्याइतका फारच थोड्यांच्या अंगीं मुरला आहे.

त्यांचा पहिला गुण म्हणजे निर्णयाची तडफ. डाव खेळतांना ते पुष्कळदां मोठ्यानें बोलत असतात आणि हजारों प्रेक्षक तें ऐकत असतात. त्या बोलण्यांत चालींची गणती येते, पण ती अत्यंत त्वरित, हें घेतलें, तें घेतलें, अशा थाटाची. आणि तिच्या अखेरीस एक ठाम निवाडा. द्विधा मनःस्थितीला तेथें जागा नाहीं. डावाच्या आरंभाची त्यांची निवडहि याच धोरणाची आहे. पांढरीं मोहरीं असतां वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचें प्यादें ते पुष्कळदां एकच घर सरकवितात आणि मागून उंट लांबच्या कर्णावर आणून बसवितात. मोठ्या सामन्यांत ही सुरुवात क्वचितच दिसते. पण तिच्या योगानें पाठांतराची स्पर्धा टळते आणि तिसऱ्या-चौथ्या चालीपासूनच दोघांसहि स्वतःच्या डोक्यानें खेळावें लागतें. ज्याचें डोकें अधिक जलद चालतें त्याला याहून अधिक काय हवें?

दुसरा गुण चिवटपणा. याचें सर्वांत मासलेवाईक उदाहरण 2008 सालच्या एका तीन मिनिटांच्या डावांत सांपडतें. प्रतिस्पर्धी माणूस नव्हता. 'रिब्का' हा त्या काळचा अत्यंत प्रबळ संगणकी कार्यक्रम होता. नाकामुरा यांनीं प्याद्यांची भिंत घालून पट बंद केला आणि हत्ती देऊन हलकें मोहरें घेण्याचा तोट्याचा व्यवहार करून यंत्राला आपण जिंकत आहों असें भासविलें. मग ते स्वस्थपणें मोहरीं मागें-पुढें हलवीत राहिले. पन्नास चालींत एकहि प्यादें न हललें व एकहि मोहरें न मेलें, तर डाव बरोबरींत सुटतो. आपली बाजू वरचढ आहे असें मानणाऱ्या यंत्रास ती बरोबरी नको होती. ती टाळण्यासाठीं त्यानें प्यादें पुढें रेटलें, भिंत फुटली, आणि 271 व्या चालीअखेर तें हरलें. शेवटीं नाकामुरा यांनीं आपल्या प्याद्यांचे वजीर न करतां मुद्दाम उंट करून घेतले! या डावांत सौंदर्य नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण प्रतिपक्षाच्या बळांतच त्याचें व्यंग शोधून काढण्याची जी दृष्टि तींत दिसते, ती सामान्य नव्हे.

तिसरा गुण सातत्याचा. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशीं खेळतांना बेसावध होणें हा मनुष्यस्वभाव आहे. नाकामुरा तसे होत नाहींत. 2023 सालीं त्यांनीं ऑनलाइन खेळांत 46 डावांपैकीं 45 जिंकून एक बरोबरींत सोडविला, तेव्हां कांहीं ठिकाणीं संशयाची कुजबुज झाली. ज्या संस्थेच्या व्यासपीठावर ते डाव झाले तिनें छाननी करून संशय निराधार ठरविला. विचारी मनुष्यास याचें आश्चर्य वाटूं नये. जो आपल्याहून कमी बळाच्या लोकांशीं हजारों डाव खेळतो, त्याच्या हिशेबांत अशी एखादी लांब माळ यावयाचीच.

आतां दोषांकडे वळूं. आमच्या मतें त्यांचा मुख्य दोष त्यांच्या मुख्य गुणाच्याच पोटीं जन्मला आहे. 'चालण्यासारखी' चाल तात्काळ करणें हें ज्यांचें बळ, त्यांची अडचण होते ती प्रतिस्पर्धी घाईनें चुकत नाहीं तेव्हां. मॅग्नस कार्लसन हे असे प्रतिस्पर्धी. तेहि तितकेच जलद. आणि शिवाय ती पुरेशी चाल व खरी चाल यांतील बारीक अंतर पुढील वीस चालींत वसूल करून घेणारे. दीर्घ खेळांत नाकामुरा यांना त्यांच्यावर पहिला विजय मिळाला तो 2016 सालीं बिल्बाओ येथें. तोंवर बारा पराभव पदरीं पडले होते. जलद खेळांत हें अंतर पुष्कळ घटतें, पण नाहींसें होत नाहीं. 2019 सालीं मॉस्को येथें जागतिक ब्लिट्झ स्पर्धेंत दोघांचे गुण सारखे झाले, आणि निर्णायक डावांत कार्लसन जिंकले. 2020 च्या ऑगस्टांत संगणकावरील सात दिवसांची झुंज अखेरच्या दिवसाच्या अखेरच्या डावापर्यंत गेली. काळ्या बाजूस बरोबरी पुरेशी असलेल्या त्या डावांत काळीं मोहरीं कार्लसन यांजकडे होतीं आणि त्यांनीं ती बरोबरी साधली. 2022 सालीं स्पीड चेसच्या अंतिम सामन्यांत नाकामुरा एका गुणानें जिंकले; 2023 सालीं एकाच गुणानें हरले. 2024 सालीं पॅरिस येथें तर तरुण अलीरेझा फिरूजा यांनीं त्यांस उपांत्य फेरींतच थांबविलें. याचा अर्थ ते खालच्या प्रतीचे, असा नव्हे. वेगाची शिदोरी दोघांजवळ सारखी झाली कीं मग पटावरील सत्यच निकाल देतें, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा दोष लहरीपणाचा. 2005 सालीं शशिकिरण यांच्याविरुद्ध एका गंभीर स्पर्धेंत त्यांनीं दुसऱ्याच चालीस वजीर बाहेर काढला. नवशिके लोक शाळकरी मात देण्यासाठीं जी चाल करतात तीच ती. आणि तो डाव ते हरले. 2021 च्या मार्चांत ते आणि कार्लसन यांनीं दुसऱ्या चालीस आपापले राजे पुढें आणून सहा चालींत बरोबरी करून टाकली. प्रेक्षक हंसले, आम्हांसहि त्यांतील विनोद कळतो. पण हजारों मुलें ज्यांच्याकडे गुरु म्हणून पाहतात, त्यांनीं खेळाची थट्टा करतांना हात जरा आखडताच ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

आतां एक मोठा आक्षेप उरतो : या झटपट खेळानें त्यांच्या दीर्घ खेळाची हानि केली काय? आक्षेपक 2022 ची माद्रिदची स्पर्धा दाखवितात. तेथें शेवटच्या फेरींत डिंग लिरेन यांच्याशीं नुसती बरोबरी झाली असती तरी नाकामुरा दुसरे आले असते, आणि कार्लसन यांनीं पुढें अजिंक्यपद राखण्यास नकार दिल्यामुळें त्या दुसऱ्या क्रमांकासच जगज्जेतेपदाचा सामना लाभला. नाकामुरा तो डाव हरले. डिंग 2023 सालीं जगज्जेते झाले. 2024 सालीं टोरोंटो येथें तर आमच्या नाशिकच्या विदित गुजराथी यांनीं त्यांस दोन्ही डावांत हरविलें. पहिल्या डावांत राजाच्या प्याद्यांवर उंटाचें बलिदान करून! गुकेश पहिले आले आणि नाकामुरा यांना अवघा अर्धा गुण कमी पडला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या दोन पराभवांची किंमत कळते.

परंतु हा पुरावा एकांगी आहे. दोन वर्षांहून अधिक काळ दीर्घ डाव न खेळतां ते 2022 च्या आरंभीं बर्लिन येथें उतरले आणि ती स्पर्धा त्यांनीं जिंकली. आरोनियन यांच्याशीं अंतिम सामन्याचा निकाल लागला तो जलद डावांतच. 2023 सालीं नॉर्वे चेस ही बलाढ्य स्पर्धाहि त्यांनीं जिंकली. तेव्हां जलद खेळानें बुद्धि बोथट होते, हें म्हणणें त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होत नाहीं. उलट, प्रेक्षकांच्या गराड्यांत रोज शेंकडो निर्णय घेण्याच्या संवयीनें पराभवाचें भय कमी झालें असावें, असें म्हणण्यास जागा आहे. माद्रिद आणि टोरोंटो येथें उणें पडलें तें बुद्धीचें तेज नव्हे. एका प्रश्नापाशीं अर्धा तास बसून राहण्याची, मनांत आलेल्या पहिल्या चांगल्या उत्तरावर अविश्वास दाखविण्याची जी शिस्त, ती ऐन वेळीं कमी पडली, असें आम्हांस वाटतें. ही शिस्त जलद खेळ मोडीत नाहीं, पण शिकवीतहि नाहीं.

आणि येथेंच घरोघरच्या पालकांस या विवेचनाचा उपयोग आहे. नाकामुरा एका सेकंदांत जी चाल करतात, तिच्यामागें 2003 पूर्वीपासूनची दीर्घ डावांची साधना आहे. 2007 सालीं बार्सिलोना येथें क्रासेन्कोव यांच्याविरुद्ध वजीर देऊन शत्रूचा राजा उघड्यावर खेंचणारा जो प्रसिद्ध डाव त्यांनीं रचला, तो संथ घड्याळाच्या सामन्यांतला. जलद डावांत ते जें उधळतात तें अशा संथ डावांत जोडलेलें धन आहे. आपलीं मुलें आरंभच उधळण्यापासून करीत असतील, तर त्यांच्या हातीं नाकामुरा यांचा वेग येणार नाहीं, केवळ घाई येईल. मुलांचे जलद डाव बंद करावेत, असें आम्ही म्हणत नाहीं. आठवड्यांतून निदान एक डाव लांकडी पटावर, घड्याळ बाजूस ठेवून खेळावा आणि हरल्यावर तो पुन्हा मांडून चूक शोधावी, इतकेंच आमचें सांगणें. तसें केल्यास नाकामुरा यांचे झटपट डाव पाहण्यांतला आनंदहि वाढेल, कारण त्या एका क्षणाच्या चालींत काय काय सांठलेलें आहे हें मग ओळखतां येईल.