सत्यता सारणीत न मावणारा क्षण

डिजिटल लॉजिक शिकवणाऱ्या पुस्तकांकडे पाहताना मला एक प्रश्न नेहमी पडतो: या पुस्तकांत वेळेला जागा किती?

मॉरिस मानो यांचे ‘डिजिटल लॉजिक अँड कॉम्प्युटर डिझाइन’ (१९७९) आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. द्विमान संख्या, मग बूलचे बीजगणित, मग नकाशा मांडून समीकरण आटोपशीर करणे, असा त्याचा क्रम. मांडणी स्वच्छ, गणिते भरपूर. माझा आक्षेप या क्रमालाच आहे.

एक साधे मंडल घ्या. ‘अ’ एक असेल तर ‘ब’ची किंमत बाहेर यावी, ‘अ’ शून्य असेल तर ‘क’ची. दोन अँड गेट, एक ऑर, एक नॉट, झाले. आता ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही एक आहेत असे धरा. ‘अ’ काहीही असो, उत्तर एकच यायला हवे, आणि सारणीत ते तसेच येते. पण ‘अ’ एकवरून शून्यावर जाताना पहिले अँड गेट लगेच बंद होते. दुसऱ्याला मात्र नॉट गेटमधून संदेश येईपर्यंत थांबावे लागते. तेवढ्या काही नॅनोसेकंदांत उत्तर शून्यावर घसरू शकते. हाच संदेश पुढे एखाद्या फ्लिपफ्लॉपला घड्याळ म्हणून दिला असेल, तर त्या घसरणीने त्याची स्थितीच बदलेल. उपाय सोपा आहे: ‘ब आणि क’ हे तिसरे पद जोडायचे. गंमत अशी, की नकाशा मांडायला शिकवताना नेमके हेच पद ‘अनावश्यक’ म्हणून खोडायला लावतात!  काटकसर म्हणजेच शहाणपण हे विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसते.

चार्ल्स पेटझोल्ड यांचे ‘कोड’ (१९९९) उलट वाटेने जाते. टॉर्च, तारायंत्र, रिले, आणि मग गेट. नॉट गेटचे उत्तर त्याच्याच तोंडाशी जोडले तर काय होते, हे ते दाखवतात. बीजगणितात ती निव्वळ विसंगती. रिलेत मात्र विजेची घंटा वाजू लागते. ‘अ बरोबर अ-नाही’ याला अर्थ येतो तो वेळेमुळे. मला हे सबंध पुस्तकातले सर्वांत मोलाचे पान वाटते.

या विषयाचा उगमही रिलेतच आहे. क्लॉड शॅनन यांच्या १९३७ च्या एमआयटीतील प्रबंधात बंद, म्हणजे वीज वाहू देणारे मंडल शून्य, उघडे मंडल एक आणि एकसर जोडणी म्हणजे बेरीज आहे. आजच्या सवयीच्या नेमके उलट. शून्य आणि एक ही आपण दिलेली नावे आहेत, हे त्यातून जितके कळते तितके कुठल्याही व्याख्येतून कळत नाही.

‘कोड’मध्ये सोडवायला गणिते नाहीत, ही उणीव मोठीच. म्हणून विद्यार्थ्याला मी आधी घंटेचे प्रकरण वाचायला देईन, मग मानोंचा नकाशा, आणि त्यावर खोडलेले पद परत लिहायला लावीन.