गुणोत्तर-प्रमाणाचे अध्यापन आणि वस्तुनिर्मिती : एक चिकित्सा

शालेय गणितात गुणोत्तर व प्रमाण हा घटक बहुधा त्रैराशिकाच्या रीतीपुरताच शिकविला जातो. वस्तुतः भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) व्यस्त त्रैराशिकाचाही विचार आहे. रीत कोठे लागू पडत नाही, हे जाणणे हाही या ज्ञानाचाच भाग होय.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने प्रत्यक्ष कामातून शिक्षण देण्याचा मार्ग दाखविला. या मार्गाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि 'केले म्हणजे समजले' हे गृहीतक तपासावे लागते. १:२:४ प्रमाणाचे काँक्रीट घमेली मोजून कालविता येते. त्यासाठी गुणोत्तराची जाण लागतेच असे नाही. मात्र ३५ लिटर सिमेंट, ७० लिटर वाळू व १४० लिटर खडी यांचे मिश्रण २४५ लिटर का भरत नाही, असा प्रश्न येताच विद्यार्थी विचार करू लागतो. वाळू खडीमधील पोकळ्या भरून काढते, हे त्याला तेथेच उमगते.

तसेच १० सेंमी बाजूच्या बंद घनाकृती डब्यास ६०० चौ. सेंमी पत्रा लागतो. बाजू दुप्पट केल्यास पत्रा चौपट, तर धारकता आठपट होते. दुप्पट पत्रा आणणाऱ्याचा डबा अपुराच राहतो.

म्हसळ्यासारख्या तालुक्यात बांधकामे शाळेच्या परिसरातच चालतात. साधनांची उणीव ही तेथील खरी अडचण नव्हे. कृती थांबवून 'असे का झाले?' हे विचारण्यास वेळापत्रकात अवकाश नसेल, तर कार्यशाळा ही केवळ दुसरी पाठांतरशाळाच ठरेल.