पूर्वेची सुंदरी : एका चहाचे रसग्रहण

चहा हा रसग्रहणाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपल्याकडे सहज घेतली जाते. त्याचे कारण उघड आहे. आपण चहा घेतो तो दूध, साखर, आले, वेलची यांच्या संगतीत. आणि आधणात टाकलेली पत्ती चांगली खळखळल्याखेरीज आपले समाधान होत नाही. या पेयाशी प्रस्तुत लेखकाचे वैर नाही. पहाटेच्या काकडआरतीनंतर तेच हवेसे वाटते. परंतु त्यात पानाचा स्वतःचा स्वर ऐकू येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्या चहाविषयी येथे लिहावयाचे आहे तो केवळ पाण्याच्याच साथीने गातो. म्हणून त्याची परीक्षाही निराळ्या कानाने करावी लागते.

हा चहा तैवान बेटाचा. त्या बेटाच्या वायव्येकडील शिनचू आणि म्याओली या भागांत, विशेषतः बेइपू व अमेइ या हाक्का लोकांच्या गावांत, तो होतो. त्याची जात ऊलाँग, म्हणजे हिरवा आणि काळा या दोन चहांच्या मधली. पानाच्या कडा दुखावल्या की आतील रसाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि पान तांबूस होऊ लागते. चिरलेले वांगे काळवंडते, तोच हा व्यापार होय. पुष्कळ पुस्तके याला आंबवणे म्हणतात, पण ते बरोबर नव्हे. येथे जिवाणूंचे काही काम नाही. बहुतेक ऊलाँगांत ही क्रिया अर्ध्यावर किंवा त्याच्याही अलीकडे थांबवितात. या चहात ती शेकडा ६० ते ८० पर्यंत जाऊ देतात. म्हणजे काळ्या चहाच्या उंबरठ्याशी येऊन हे पान मागे वळते.

पण त्याचे खरे वैशिष्ट्य यापूर्वीच, मळ्यात घडलेले असते. जून-जुलैच्या उकाड्यात कोवळ्या पानांवर हिरवे तुडतुडे पडतात. हा आपल्या कापूस-भेंडीच्या शेतकऱ्याच्या परिचयाच्या कुळातलाच शत्रू. तो पानातील रस शोषतो. पान आखडते, पिवळे पडते, त्याची वाढ खुंटते. या डंखाला उत्तर म्हणून झाड काही सुगंधी द्रव्ये निर्माण करते, आणि पुढच्या संस्कारांत त्यांतूनच मधाचा व पिकल्या फळाचा गंध उमलतो. दार्जिलिंगच्या मे-जूनमधील दुसऱ्या बहराला जो द्राक्षासारखा गंध असतो, त्यातही तुडतुड्यांचा आणि फुलकिड्यांचा असाच वाटा असतो. तेव्हा हा चमत्कार आपल्याला अगदीच परका नाही.

किड्याने चाखलेले पान उष्टे नव्हे काय, असे एखादा सोवळा वाचक विचारील. त्याला एवढेच सांगावेसे वाटते की, मध हा मधमाशीच्या तोंडचा आणि दूध वासराच्या तोंडचे. तरीही पंचामृतात दोहोंना मान आहे. वस्तूला कोणाचे तोंड लागले यापेक्षा त्यातून काय निपजले, याचा विचार आपल्या परंपरेनेही केलेला आहे.

आता नावाविषयी. जगाच्या बाजारात हा चहा ‘पूर्वेची सुंदरी’ या नावाने विकला जातो. हे नाव इंग्लंडच्या एका राणीने दिले, अशी आख्यायिका सांगतात. पण ती राणी कोणी व्हिक्टोरिया सांगतो, कोणी दुसरी एलिझाबेथ! दोघींच्या राज्यारोहणांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. ज्या कथेला आपली नायिका कोण हेच ठाऊक नाही, तिच्यावर विश्वास कोणी ठेवावा? याउलट गावातले जुने नाव आहे ‘फुशारकीचा चहा’. एका शेतकऱ्याने कीड लागलेला माल बाजारात नेला, त्याला भलताच भाव आला, आणि घरी येऊन त्याने ते सांगताच शेजारी म्हणाले, ‘हा फुशारक्या मारतो आहे!’ हीही आख्यायिकाच. पण ती निदान मळ्यात जन्मलेली आहे. तिच्यात कीड आहे, नुकसान आहे, शेजाऱ्यांचा संशय आहे. राणीच्या कथेत यांपैकी काहीच नाही. आमच्या मते हे गावठी नावच अधिक प्रामाणिक आहे.

अलीकडे प्रस्तुत लेखकाला या एकाच नावाचे दोन नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा योग आला. पहिल्याची पत्ती लहान, वळलेली, आणि तिच्यात पांढरा, हिरवा, पिवळा, तांबडा व तपकिरी असे पाच रंग स्पष्ट दिसत होते. पांढरा तो कळीवरील लव्हेचा. दुसऱ्याची पत्ती मोठी, एकसारखी गडद, दिसावयास अधिक भारदस्त. पाणी पडताच भेद उघडा झाला. पहिल्याचा अर्क मधाळ केशरी झाला. गंध आधी मधाचा, मग पिकल्या फळाचा. घोट गिळल्यावर घशात गोडवा मागे परतून आला. दुसऱ्याचा रंग तितकाच गडद होता, पण त्याचा वास भाजणीचा होता आणि गोडी करपलेल्या साखरेची. घोट संपला तशी तीही संपली.

येथेच अभिरुचीची कसोटी लागते. चहाचा काळेपणा दोन प्रकारचा असतो: एक हवेने आणलेला, दुसरा विस्तवाने आणलेला. विस्तवाचा काळेपणा मुळातच हीन असतो असे नव्हे. चीनमधील वूयी पर्वताच्या चहाचे वैभव निखाऱ्यावरील भाजणीतच आहे. परंतु एकाने दुसऱ्याचे सोंग आणले, तर ते ओळखता आले पाहिजे.

करावयाची रीतही सांगितली पाहिजे. झाकणाच्या लहान पेल्यात १२० मिलिलिटर पाण्याला ५ ग्रॅम पत्ती घ्यावी. पाणी उकळून किंचित निवू द्यावे, सुमारे ८५ ते ९० अंशांपर्यंत. पहिला अर्क पाऊण मिनिटात ओतून घ्यावा, आणि पुढे दर वेळी थोडा अधिक अवधी द्यावा. ही झाली रसिकाची रीत. परीक्षकाची रीत कठोर असते: ३ ग्रॅम पत्ती, १५० मिलिलिटर उकळते पाणी आणि पूर्ण पाच मिनिटे. रसिकाची रीत गुण खुलविते, परीक्षकाची दोष उघडे पाडते. टीकाकाराने दोन्ही पेले घ्यावेत. एकाच पेल्यावर दिलेला निर्णय अर्धाच असतो. आमचा पहिला नमुना या दुसऱ्या कसोटीसही उतरला. किंचित तुरटपणा आला, कडवटपणा मात्र आला नाही.

दोष सांगावयाचेच तर तेही आहेत. या चहाची अंगकाठी नाजूक आहे. चौथ्या-पाचव्या अर्कानंतर तो विरळ होत जातो. त्याचा गोडवा इतका सरळ की गूढतेची ओढ असणाऱ्याला तो लवकर उमगून जातो. वूयीच्या चहासारखे घोटागणिक नवे काही तो सांगत नाही. त्याला महाकाव्य म्हणणे ही अतिशयोक्ती होईल. तो भावगीताच्या जातीचा आहे, आणि त्या जातीत उत्तम आहे.

हा केवळ चोखंदळपणाचा खेळ आहे, असे कोणी समजू नये. तुडतुडे यावेत म्हणून तो शेतकरी मळ्यावर कीटकनाशक मारीत नाही. पान खुंटते, पीक घटते, आणि कळी व तिच्यालगतची एक-दोन पाने एवढाच खुडा हाताने करावा लागतो. हे सारे नुकसान तो एका गंधाच्या भरवशावर सोसतो. पिणाऱ्याला तो गंध आणि भाजणीचा वास यांतला भेद कळेनासा झाला, तर त्याला मळा किड्यांच्या स्वाधीन करण्याचे कारण उरणार नाही. तो फवारणी करील, आणि विस्तवावर काळे केलेले पान त्याच सुंदर नावाने विकले जाईल. त्याचा मळा टिकवावयाचा असेल, तर आपल्या जिभेने तेवढे श्रम घ्यावयास हवेत.